उत्तर कोरियातलं रोजचं जगणं: कुणाचं ऐकायचं, किती मानायचं?

उत्तर कोरियाची बातमी आपल्यापर्यंत येते ती बहुतेक दोनच प्रकारची. एक तर क्षेपणास्त्राची, नाही तर विक्षिप्तपणाची. हुकूमशहाने काकाला भुकेल्या कुत्र्यांपुढे टाकलं, सगळ्या कॉलेजच्या पोरांना साहेबांसारखे केस कापायची सक्ती केली, अमक्या गायिकेला गोळ्या घातल्या. मोबाईलवर येतं, आपण वाचतो आणि दोन ग्रुपवर पुढे ढकलून मोकळे होतो.

त्या देशात अडीच कोटींहून अधिक माणसं राहतात. सकाळी उठून चूल पेटवतात, पोरांना शाळेत धाडतात, बाजारात तांदळाचा भाव विचारतात. ही माणसं जगतात कशी, हे कळून घ्यायचं असेल तर माहिती मिळते कुठे आणि त्यातली कुठली कितपत मानावी, एवढ्यापुरताच हा लेख आहे. स्पर्धा परीक्षा देणारे, शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवणारे आणि नुसतेच कुतूहल असणारे, सगळ्यांना उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी कुत्र्यांची गोष्ट संपवू

ज्याला आपल्याकडे 'काका' म्हटलं गेलं तो जांग साँग थेक हा किम जाँग उन यांच्या आत्याचा नवरा, म्हणजे नात्याने आतोबा. इंग्रजीतला 'अंकल' मराठीत येताना काका झाला. डिसेंबर २०१३ मध्ये त्याला मृत्युदंड दिल्याचं उत्तर कोरियाच्या सरकारी वृत्तसंस्थेनेच जाहीर केलं होतं. तेवढा भाग खरा. १२० कुत्र्यांची कथा मात्र चीनमधल्या सोशल मीडियावरच्या एका थट्टेखोर मजकुरातून निघाली. हाँगकाँगच्या एका वर्तमानपत्राने ती उचलली, तिथून सिंगापूरच्या पेपरात गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये जगभर झाली. मूळ मजकूर थट्टेचा होता हे कळेपर्यंत लोक पुढच्या बातमीकडे वळले होते.

गायिकेचंही तसंच. ह्योन साँग वोल हिला गोळ्या घातल्याची बातमी ऑगस्ट २०१३ मध्ये दक्षिण कोरियाच्या एका मोठ्या दैनिकाने दिली. मे २०१४ मध्ये ती टीव्हीवर भाषण करताना दिसली, आणि जानेवारी २०१८ मध्ये हिवाळी ऑलिंपिकच्या कार्यक्रमाची तयारी बघायला शिष्टमंडळाची प्रमुख म्हणून चक्क दक्षिण कोरियात येऊन गेली.

आता या दोन गोष्टींवरून 'तिथलं सगळं खोटंच सांगतात, परिस्थिती एवढी वाईट नसणार' असं म्हणणारेही निघतात. ते जास्त घातक. कुत्र्यांची गोष्ट खोटी निघाली म्हणून तिथल्या तुरुंगछावण्या किंवा उपासमार खोटी ठरत नाही. अफवा आणि पुरावा वेगळा करायची सवय नसली की माणूस सगळंच मानतो, नाही तर सगळंच उडवून लावतो.

माहिती इतकी दुर्मिळ का, तेही थोडक्यात सांगतो. स्वतंत्र वर्तमानपत्र तिथे एकही नाही. रेडिओ आणि टीव्ही सरकारी वाहिन्यांवरच लावलेले असतात. सामान्य माणसाच्या मोबाईलवरून परदेशात फोन लागत नाही, आणि इंटरनेटऐवजी देशांतर्गत जाळं आहे. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जायला परवाना लागतो. डिसेंबर २०२० मध्ये केलेल्या कायद्याने दक्षिण कोरियातल्या मालिका आणि गाणी बघण्या-वाटण्यावर अतिशय कडक शिक्षा ठेवल्या आहेत, पसरवणाऱ्याला देहदंडापर्यंत. अशा ठिकाणी 'लोकांना विचारून या' हा पत्रकाराचा साधा मार्गच बंद होतो.

सरकारी पेपर वाचायचा कसा

केसीएनए ही सरकारी वृत्तसंस्था आणि 'रोदोंग सिनमुन' हे पक्षाचं दैनिक. आपल्याला वाटतं, यात काय मिळणार? साहेब इथे गेले, साहेबांनी मार्गदर्शन केलं, जनता भारावली. वरवर तसंच असतं. पण सरकारी पेपर वाचायची एक जुनी रीत आहे. सोव्हिएत रशियाचा अभ्यास करणारे लोक पिढ्यान् पिढ्या ती वापरत आले. कौतुक सोडून द्यायचं, तक्रार शोधायची.

जानेवारी २०२४ चं उदाहरण घ्या. पक्षाच्या बैठकीत किम जाँग उन म्हणाले की, ग्रामीण भागातल्या लोकांना मसाले, खाद्यपदार्थ, घरगुती वापराच्या वस्तू अशा प्राथमिक गोष्टीसुद्धा नीट पुरवता येत नाहीत, हा गंभीर राजकीय प्रश्न झाला आहे. दर वर्षी २० तालुक्यांत कारखाने, असं १० वर्षं करायचा कार्यक्रमही जाहीर झाला. सरकारी वृत्तसंस्थेनेच ही बातमी दिली. म्हणजे राजधानीबाहेर चटणी-मिठाची, साबणाची ओरड आहे हे सरकारच्या तोंडूनच कळलं. जून २०२१ मध्येही अन्नाची परिस्थिती ताणलेली असल्याचं त्यांनी बैठकीत मान्य केलं होतं. मोर्चा, मोहीम, शपथ ज्या गोष्टीसाठी घेतली जाते, ती गोष्ट तिथे कमी पडते आहे असं धरून चाला. दर जानेवारीत शेतासाठी सोनखत-शेणखत गोळा करायची देशव्यापी मोहीम निघते. रासायनिक खत पुरेसं असतं तर शहरातल्या लोकांना ऐन थंडीत हे काम कशाला लावलं असतं?

तिथलं सरकारमान्य साहित्यही असंच. पेक नाम न्योंग या लेखकाची 'मित्र' अशा अर्थाच्या नावाची कादंबरी १९८८ ची. २०२० मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद निघाला. विषय काय, तर घटस्फोट! एक जोडपं कोर्टात जातं आणि न्यायाधीश त्यांच्या संसाराची चौकशी करत हिंडतो. शेवटी समाज आणि पक्ष यांची बाजू सांभाळलेली आहेच, पण वाटेत घर, नोकरीतली मानमरातब, नवरा-बायकोतली धुसफूस, लाचखाऊ अधिकारी हे सगळं येतं. सेन्सॉरने पास केलेल्या पुस्तकात एवढं असेल, तर प्रत्यक्षात काय असेल याचा अंदाज वाचकाने करावा.

एक खबरदारी. भाषांतर. नोव्हेंबर २०१२ च्या अखेरीस 'उत्तर कोरियाला एकशिंगी घोड्याची गुहा सापडली' अशी बातमी जगभर हशा पिकवून गेली. मुळात ते प्राचीन राजाच्या दंतकथेशी जोडलेल्या एका ऐतिहासिक स्थळाचं नाव होतं. आपल्याकडे एखाद्या डोंगराला वाघजाई नाव आहे म्हणून 'महाराष्ट्राने वाघ देवता शोधून काढली' असं कुणी छापलं तर कसं होईल, तसा तो प्रकार.

पळून आलेल्यांचं सांगणं

सर्वात मोठा आणि सर्वात वादाचा स्रोत हा. गेल्या काही दशकांत सुमारे ३४ हजार लोक उत्तर कोरिया सोडून दक्षिण कोरियात पोहोचले. २००९ मध्ये एका वर्षात २,९१४ आले, तो उच्चांक. कोविडमध्ये सीमा बंद झाल्यावर २०२१ मध्ये आकडा ६३ वर घसरला. २०२३ मध्ये १९६ आणि २०२४ मध्ये २३६.

यांचं सांगणं ऐकताना आधी ते आले कुठून, हे विचारायचं. बहुसंख्य लोक चीनच्या सीमेला लागून असलेल्या उत्तर हामग्योंग आणि र्‍यांगगांग या दोन प्रांतांतले. नदी ओलांडली की चीन. राजधानी प्योंगयांगचे फार थोडे. एकुणात सत्तर टक्क्यांहून अधिक बायका. त्यालाही कारण आहे: पुरुषाला सरकारी नोकरीच्या ठिकाणी हजेरी लावावीच लागते, कारखाना बंद असला तरी, घरची बाई मात्र बाजारात बसू शकते, व्यापारासाठी सीमेपर्यंत जाऊ शकते. म्हणजे आपल्याला ऐकू येणारा आवाज हा प्रामुख्याने सीमेवरच्या गरीब भागातल्या, बाजारात उभ्या राहिलेल्या बायकांचा आहे. तो खोटा नाही, पण तो सगळा देशही नाही. एखाद्याने फक्त खानापूरच्या जंगलातल्या गावांत विचारपूस करून 'कर्नाटक असं जगतं' म्हणून पुस्तक लिहिलं तर आपण काय म्हणू?

दुसरं, काळ. अनेक जण चीनमध्ये महिने, कधी कधी वर्षं लपून काढतात आणि मग दक्षिणेत पोहोचतात. २०२३ मध्ये आलेली व्यक्ती २०२३ चा उत्तर कोरिया सांगत असेलच असं नाही. पुस्तक आलेलं असतं आज, आठवण असते १९९७ च्या दुष्काळाची. मुलाखत वाचताना 'देश कधी सोडला' हे साल आधी शोधा. ते दिलेलंच नसेल तर त्या मुलाखतीचं वजन कमी धरा.

तिसरं, बाजार. मुलाखतीचे पैसे मिळतात, दूरचित्रवाणीवर कार्यक्रम मिळतात, आणि जास्त भयंकर गोष्टीला जास्त गिऱ्हाईक असतं. पळून आलेला माणूस नव्या देशात बहुतेकदा हलाखीत असतो, तेव्हा हा मोह समजण्यासारखा आहे. शिन डाँग ह्योक यांचं उदाहरण नेहमी दिलं जातं. राजकीय कैद्यांच्या छावणीत जन्मून तिथून पळालेला तरुण म्हणून त्यांच्यावर २०१२ मध्ये ब्लेन हार्डेन यांनी लिहिलेलं पुस्तक खूप गाजलं. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी कबूल केलं की काही प्रसंगांच्या जागा आणि काळ त्यांनी बदलून सांगितले होते. काही घटना दुसऱ्याच छावणीतल्या होत्या. उत्तर कोरियाने लगेच याचा डंका पिटला: बघा, सगळं कुभांड!

पण इथेच एका माणसाची कहाणी आणि अनेकांच्या साक्षी यांतला फरक कळतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने मार्च २०१३ मध्ये चौकशी आयोग नेमला होता. ऑस्ट्रेलियाचे निवृत्त न्यायाधीश मायकेल कर्बी त्याचे अध्यक्ष. उत्तर कोरियाने आयोगाला पाऊल ठेवू दिलं नाही. मग सोल, टोकियो, लंडन आणि वॉशिंग्टनला जाहीर सुनावण्या झाल्या, ८० हून अधिक साक्षीदारांनी सर्वांसमोर सांगितलं आणि २४० हून अधिक लोकांच्या मुलाखती नाव गुप्त ठेवून घेतल्या गेल्या. फेब्रुवारी २०१४ चा तो अहवाल एका शिनवर उभा नव्हता. एकमेकांना न ओळखणारी, वेगवेगळ्या वर्षी निसटलेली माणसं त्याच छावण्यांबद्दल, त्याच पद्धतींबद्दल बोलत होती. एक साक्ष डळमळली म्हणून बाकीच्या पडत नाहीत. साक्षी जाहीर असल्याने त्या वाचताही येतात. वाचवत नाहीत, हा भाग निराळा.

मोठ्या संख्येने केलेली सर्वेक्षणं तर आणखी उपयोगी. दक्षिण कोरियाच्या एकीकरण मंत्रालयाने २०१३ ते २०२२ या काळात ६,३५१ जणांना विचारून केलेला अभ्यास फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला केला. २०१६ ते २०२० दरम्यान देश सोडलेल्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं की सरकारी रेशनचं धान्य आम्हाला कधी मिळालंच नाही. ज्या देशाच्या पाठ्यपुस्तकात सगळ्यांना सरकार जेवू घालतं, त्या देशात माणसं बाजारावर जगतात, हे यातून आकड्यात दिसतं. अर्थात हेही सीमेकडचेच लोक जास्त, आणि मंत्रालय दक्षिण कोरियाचं. तिथे सरकार बदललं की कुठला अहवाल बाहेर काढायचा आणि कुठला कपाटात ठेवायचा हेही बदलतं. सोल राष्ट्रीय विद्यापीठाची शांतता व एकीकरण अभ्यास संस्था नुकत्याच आलेल्यांचं सर्वेक्षण अनेक वर्षं करत आली आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचावं.

आणि पळून आलेला प्रत्येक जण प्रत्येक गोष्टीचा जाणकार नसतो. एप्रिल २०२० मध्ये किम जाँग उन काही आठवडे दिसले नाहीत तेव्हा दक्षिण कोरियाच्या संसदेवर नुकतेच निवडून आलेले दोन माजी उत्तर कोरियन पुढे आले. एक म्हणाले, मृत्यू झाल्याची ९९ टक्के खात्री. दुसरे, जे पूर्वी लंडनच्या दूतावासात उपराजदूत होते, म्हणाले की किम स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नसावेत. १ मे रोजी किम खत कारखान्याची फीत कापताना दिसले. दोघांनीही माफी मागितली. चोंगजिनची भाजीवाली भाजीच्या भावाबद्दल सांगेल ते सोनं. राजवाड्यातल्या आजाराबद्दल तिलाही आपल्याइतकंच माहीत.

या साक्षींच्या प्रश्नाशी आपल्या भागातल्या एका माणसाचा फार जुना संबंध आहे. १९५३ मध्ये कोरियन युद्ध थांबलं तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणारे सुमारे २२ हजार चिनी आणि उत्तर कोरियन कैदी भारतीय सैन्याच्या ताब्यात ठेवले होते. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते कोडगूचे जनरल थिमय्या, आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे मेजर जनरल शंकरराव थोरात. प्रत्येक कैद्याला त्याच्या देशाच्या प्रतिनिधीने समजावायचं आणि मग कैद्याने मोकळेपणी ठरवायचं, अशी योजना होती. प्रत्यक्षात छावण्यांत कैद्यांच्याच संघटित टोळ्यांचा धाक होता, आणि ही समजावणी थोड्याच कैद्यांपर्यंत पोहोचली. माणूस बोलतो ते त्याचं मत, की शेजारी कोण उभं आहे त्याची भीती, हा पेच आज सोलमधल्या मुलाखतीतही आहे. मागे राहिलेले आई-बाप, भाऊ-बहीण यांच्यावर बालंट येईल म्हणून कितीतरी जण नाव, गाव, सांगण्यातले तपशील मुद्दाम बदलतात. असा बदल आणि थाप यात फरक करावा लागतो.

आतून येणाऱ्या बातम्या

सोलमधलं 'डेली एनके' २००४ च्या अखेरीपासून आणि जपानमधलं 'एशियाप्रेस' त्याच्याही आधीपासून उत्तर कोरियाच्या आत राहणाऱ्या लोकांकडून बातम्या मिळवतात. सीमेजवळच्या भागात चीनचं मोबाईल नेटवर्क पकडतं. चोरून आणलेल्या चिनी फोनवरून दोन-चार मिनिटं बोलायचं आणि फोन बंद करून लपवायचा. सापडलं तर शिक्षा छावणीची. त्यामुळे बातमीत नाव नसतं, 'प्रांतातल्या एका सूत्राने सांगितलं' एवढंच असतं, आणि बाहेरच्या कुणाला ते तपासता येत नाही.

मग मानायचं काय? आमच्या मते यांची सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे सनसनाटी बातम्या नव्हेत, तर भाव. प्योंगयांग, सिनुईजू आणि ह्येसान या तीन शहरांत एक किलो तांदूळ किती वोन, मका किती, एका डॉलरला आणि एका चिनी युआनला किती वोन, हे वर्षानुवर्षं नोंदलेलं आहे. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात तांदूळ किलोला ५ हजार वोनच्या आसपास आणि डॉलर ८ हजारांच्या आसपास बराच काळ स्थिर होता. सरकारी नोकराचा महिन्याचा पगार तेव्हा काही हजार वोन. हिशेब तुम्हीच करा: पगारात किलो-दोन किलो तांदूळ. मग उरलेला महिना भागतो कसा? बायकोच्या बाजारातल्या गाळ्यावर, परसातल्या भाजीवर, घरी केलेल्या टोफू-नूडल्सवर, नवऱ्याने कारखान्याला पैसे भरून हजेरीतून सुटका करून घेतली असेल तर त्याच्या बाहेरच्या कामावर. तिथल्या जगण्याबद्दल एका भावाच्या तक्त्याने जेवढं कळतं तेवढं दहा फाशीच्या बातम्यांनी कळत नाही.

भाव दोन संस्था स्वतंत्रपणे गोळा करतात, त्यामुळे एकमेकांशी ताडून पाहता येतात. शिवाय चीनचं सीमाशुल्क खातं व्यापाराचे आकडे जाहीर करतं. जानेवारी २०२० च्या अखेरीस कोविडमुळे सीमा बंद झाली. त्या वर्षी चीनच्या आकड्यांत उत्तर कोरियाशी व्यापार सुमारे ८० टक्के घसरलेला दिसला. आतून बातम्या येत होत्या की साखर, तेल, मसाले मिळेनासे झालेत. प्योंगयांगमधल्या रशियाच्या राजदूतांनीही टंचाईबद्दल उघड सांगितलं. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये रशियन दूतावासातले कर्मचारी बायकामुलांसह रुळावरची हातगाडी ढकलत सीमा ओलांडून मायदेशी गेले, त्याचे फोटो रशियाच्या परराष्ट्र खात्यानेच टाकले. चिनी आकडे, आतलं सूत्र, मित्रदेशाचा राजदूत: तिघांचं हित वेगळं, गोष्ट एकच. अशी बातमी मानायला हरकत नाही.

जनगणना, सर्वेक्षणं आणि दुष्काळाचा हिशेब

सरकारने दिलेले आकडे म्हणजे फेकाफेक, असं सरसकट म्हणू नका. उत्तर कोरियाने १९९३ मध्ये आणि संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या मदतीने २००८ मध्ये जनगणना केली. १९९३ ला २ कोटी १२ लाख, २००८ ला २ कोटी ४० लाख. मोजणारे सरकारचेच लोक होते. तरीही याच आकड्यांतून सरकारला नको असलेली गोष्ट बाहेर आली.

१९९० च्या दशकाच्या मध्यात तिथे भीषण दुष्काळ पडला. सोव्हिएत रशियाकडून मिळणारं स्वस्त तेल आणि खत बंद झालं, पूर आले, रेशन व्यवस्था कोसळली. किती माणसं मेली? कुणी २ लाख म्हणे, कुणी ३० लाख. लोकसंख्याशास्त्रज्ञांनी दोन जनगणनांतले वयोगट शेजारी ठेवले. १९९३ मध्ये पाच वर्षांची असलेली मुलं २००८ मध्ये वीस वर्षांची व्हायला हवीत. नेहमीच्या मृत्युदराने जितकी उरायला हवी त्यापेक्षा किती कमी आहेत? अशा पद्धतीने स्पूरेनबर्ग आणि श्वेकेनडिक यांनी २०१२ मध्ये २ लाख ४० हजार ते ४ लाख २० हजार जास्तीचे मृत्यू असा अंदाज काढला. त्याआधी गुडकाइंड आणि वेस्ट यांचा २००१ चा अंदाज ६ लाख ते १० लाख होता. म्हणून '३० लाख मेले' हा आकडा जिथे एका ओळीत, कसलाही आधार न देता दिलेला दिसेल, तिथे सावध व्हा. कमी अंदाज धरला तरी अख्ख्या बेळगाव शहराच्या निम्म्या वस्तीएवढी माणसं भुकेने आणि भुकेमागून आलेल्या आजाराने गेली, हे त्यातून हलकं होत नाही.

मुलांच्या पोषणाची पाहणी युनिसेफच्या मदतीने २०१७ मध्ये झाली. वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण २०१२ च्या २८ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलं होतं. म्हणजे सुधारणा झाली होती, हेही खरं. पण राजधानीत हे प्रमाण १० टक्के आणि र्‍यांगगांग प्रांतात ३२ टक्के. प्योंगयांगच्या चकाचक इमारतींचे व्हिडिओ बघताना हे दोन आकडे लक्षात असू द्या. मार्च २०२१ पर्यंत संयुक्त राष्ट्रांचे सगळे परदेशी कर्मचारी देशाबाहेर पडले, त्यामुळे त्यानंतरच्या काळाबद्दलचे आकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघितलेले आहेत.

जाऊन आलेले, राहून आलेले

पर्यटकाला दोन मार्गदर्शक सोबत, ठरलेला रस्ता, ठरलेलं हॉटेल. आठवड्याभराच्या सहलीचा व्हिडिओ म्हणजे दाखवलं ते बघितलं, एवढंच. 'मला तर सगळे आनंदी दिसले' आणि 'सगळे नट होते', दोन्ही निष्कर्ष सारखेच उथळ. रस्त्यावरून जाणारी बाई सरकारने उभी केलेली नसते. ती कामाला निघालेली असते.

राहून आलेल्यांचं वजन जास्त. आंद्रेई लान्कोव हे रशियन अभ्यासक १९८० च्या दशकात किम इल साँग विद्यापीठात विद्यार्थी होते. स्वतः सोव्हिएत व्यवस्थेत वाढल्यामुळे रांगा, कूपन, शेजाऱ्यांवर नजर ठेवणारी वस्ती-समिती हे सगळं त्यांना परकं वाटत नाही, आणि म्हणूनच त्यांच्या लिखाणात उगाच आश्चर्य नाही. जॉन एव्हरार्ड हे २००६ ते २००८ ब्रिटनचे राजदूत होते; सायकलवरून हिंडत भेटलेल्या साध्या माणसांबद्दल त्यांनी लिहिलं. तेही प्योंगयांगपुरतं, आणि ते तसं स्वच्छ सांगतात. रशियन दिग्दर्शक विताली मान्स्की यांचा २०१५ चा माहितीपट तर शिकण्यासारखा आहे. एका मुलीच्या कुटुंबावर सरकारने पटकथा लिहून दिली होती. त्यांनी दोन दृश्यांच्या मध्ये कॅमेरा चालूच ठेवला. सरकारी माणूस येऊन 'जरा आनंदाने म्हणा' सांगताना त्यात दिसतो.

भारताचं म्हणाल तर १९७३ पासून राजनैतिक संबंध आहेत. जुलै २०२१ मध्ये प्योंगयांगचा आपला दूतावास तात्पुरता बंद झाला तेव्हा राजदूत होते पुण्याचे माजी पासपोर्ट अधिकारी अतुल गोतसुर्वे. डिसेंबर २०२४ मध्ये आपले कर्मचारी पुन्हा तिथे पोहोचले.

उपग्रहाचे फोटो हा शेवटचा स्रोत. रात्रीच्या अंधाऱ्या नकाशाचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय, पण त्याहून कामाचे दिवसाचे. अमेरिकेतल्या एका संशोधन संस्थेने २०१८ मध्ये फोटोंवरून परवानगी असलेले ४३६ बाजार मोजले. बाजाराचं छत वाढलं, नवीन गाळे पडले, हे वरून दिसतं. गाळ्यात बसलेल्या बाईला दिवसाला किती सुटतात ते मात्र दिसत नाही. तिथे पुन्हा माणसालाच विचारावं लागतं.

सुरुवात कुठून करावी

एकच पुस्तक वाचायचं असेल तर बार्बरा डेमिक यांचं 'नथिंग टू एन्व्ही'. त्यांनी मुद्दाम एकाच शहरातली, चोंगजिनची, माणसं निवडली. एकच रस्ता, एकच हॉस्पिटल, एकच स्टेशन वेगवेगळ्या तोंडून आल्यामुळे सांगणं ताडून पाहता आलं. काळ मात्र १९९० चा आहे, हे विसरू नये. आजच्या बाजारासाठी डॅनियल ट्यूडर आणि जेम्स पिअर्सन यांचं २०१५ चं 'नॉर्थ कोरिया कॉन्फिडेन्शियल' वाचावं. त्यातला 'आज'ही कोविडच्या आधीचा आहे.

ताज्या बातमीसाठी तर आपल्या सीमाभागातल्या वाचकाला वेगळं शिकवायला नको. एकाच मोर्चाची बातमी एकाच सकाळी मराठी पेपरात किती हजारांची असते आणि कन्नड पेपरात किती शेकड्यांची, हे आपण लहानपणापासून बघतोय. तशीच नजर इथे लावायची. सोलच्या पेपराने 'गुप्तचर सूत्रांच्या हवाल्याने' दिलेली फाशीची बातमी असेल तर महिनाभर थांबा. ज्याला मारलं म्हणतात तो टीव्हीवर दिसतो का बघा. तांदळाचा भाव अचानक दीडपट झाल्याची बातमी असेल तर थांबू नका, दुसऱ्या संस्थेचा त्याच आठवड्याचा भाव काढा आणि चीनच्या त्या महिन्याच्या निर्यातीत धान्य आणि खत किती गेलं ते बघा.